फक्त ठरलेल्या माणसालाच तपासता येईल अशी क्वांटम सही: नो-क्लोनिंगच्या भरवशावर राहू नका

प्रश्न असा आलाय की क्वांटम डिजिटल सिग्नेचर फक्त एका ठरलेल्या माणसालाच तपासता येईल अशी करता येते का, आणि क्वांटम स्टेटची (फोटॉनसारख्या कणाच्या अवस्थेची) कॉपी होत नाही, मोजली की ती बिघडते, मग हा गुण आपोआपच मिळत नाही का. एम.टेक.चा प्रोजेक्ट आहे, उदाहरण सीलबंद निविदेचं घेतलंय.

करता येते. पण नो-क्लोनिंगमुळे, म्हणजे क्वांटम स्टेटची कॉपी होत नाही या नियमामुळे, नाही. हे आधीच सांगतो कारण या एका गैरसमजावर उभे राहिलेले बरेच प्रोजेक्ट मी बघितलेत आणि मुलांचे सहा-सहा महिने त्यात जातात, वाईट वाटतं. ठरलेल्या माणसालाच पटणारी सही ही गोष्ट लपवण्याची नाहीच. जो तपासणारा आहे त्याला स्वतःलाही हुबेहूब तशीच सही बनवता यायला हवी, एवढंच तिचं मर्म आहे. त्याला बनवता येते म्हणून तो ती तिसऱ्याला दाखवायला गेला तर तिसरा म्हणणार, ही तूच बनवली नाहीस कशावरून? आणि त्याला स्वतःला मात्र पक्कं माहीत असतं की मी बनवलेली नाही, म्हणजे समोरच्यानेच केली. संपलं. बाकी सगळं याच्यावरची बांधणी.

हे मला पुस्तकातून नाही, कामातून कळलं. काही वर्षांपूर्वी हळदीच्या काही व्यापाऱ्यांसाठी कोटेशन पाठवायचं सॉफ्टवेअर केलं होतं, पीडीएफवर नेहमीची डीएससीची (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेटची) सही, यूएसबी टोकन लावायचं, पिन टाकायचा, झालं. तीनेक आठवड्यांत एक व्यापारी चिडून फोनवर. एका खरेदीदाराने त्याचं सही केलेलं कोटेशन बाकीच्या चौघा व्यापाऱ्यांना फॉरवर्ड केलं होतं, हा बघा किलोमागे 2 रुपये कमी लावतोय, विश्वास नसेल तर सही तपासून घ्या. चौघांनी तपासली, सही खरी निघाली, चौघांनी भाव पाडले. तोंडी सांगितलं असतं तर खरेदीदार थापा मारतोय म्हणून सोडून दिलं असतं. आमची सही जितकी पक्की तितकं त्या माणसाचं नुकसान मोठं झालं, आणि ती सही पक्की करणारा मीच होतो. त्या दिवसापासून कुठलीही सही डिझाइन करताना ती कोणाला पटायला हवी हे विचारतो आणि कोणाला पटता कामा नये हेही विचारतो.

सातबाऱ्याचं उलटं आहे. डिजिटल सहीचा सातबारा बँकेला, सोसायटीला, वकिलाला, कोणालाही तपासता आलाच पाहिजे, तेच त्याचं काम. कोटेशन, सीलबंद बोली, मतदानाची पावती, खाजगी मेसेज यांचं तसं नाही.

ही कल्पना क्वांटमवाल्यांची नाही. चॉम आणि व्हॅन अँटवर्पेन यांनी 1989 मध्ये अशी सही मांडली की सही करणाऱ्याच्या मदतीशिवाय ती तपासताच येत नाही. मग 1996 च्या युरोक्रिप्ट परिषदेत याकोब्सन, साको आणि इम्पाग्लियाझो यांनी डेझिग्नेटेड व्हेरिफायर, म्हणजे ठरलेला तपासणारा, हा शब्द आणला, आणि त्यांची युक्ती फार साधी आहे: विधान बदला. सुजाताने मी सही केली असं सिद्ध करण्याऐवजी एकतर मी सही केली किंवा मला मिलिंदची सीक्रेट की (फक्त त्याच्याकडची गुप्त किल्ली) माहीत आहे असं सिद्ध करायचं. मिलिंदला स्वतःची की अर्थातच माहीत असते, म्हणजे दुसरा अर्धा भाग वापरून तोही अशी सही काढू शकतो. (पेपरांमध्ये ही मंडळी अ‍ॅलिस आणि बॉब असतात, मी सुजाता आणि मिलिंदच म्हणतो, ती दर देणारी आणि तो खरेदीदार.) 2001 मध्ये रिव्हेस्ट, शमीर, टाउमन यांची रिंग सिग्नेचर आली, गटातल्या कोणीतरी एकाने सही केली एवढंच दाखवणारी, त्यात दोघांचीच रिंग केली की जवळजवळ हेच मिळतं.

इथे एक फट राहते. समजा सही मिलिंदपर्यंत पोचायच्या आधीच कोणीतरी लाइनवर पकडली. ती एकतर सुजाताची किंवा मिलिंदची हे त्याला दिसतं, आणि मिलिंदने तर ती अजून बघितलेलीही नाही, म्हणजे सुजाताचीच! म्हणून स्ट्राँग प्रकार लागतो, ज्यात मिलिंदच्या सीक्रेट कीशिवाय तपासताच येत नाही. 2003 मध्ये सईदनिया, क्रेमर आणि मार्कोविच यांनी त्याची नीट मांडणी केली. सीलबंद निविदेला हाच लागेल, साध्याने भागणार नाही.

आता क्वांटमकडे. गॉट्समन आणि चुआंग यांचा 2001 चा पेपर हा या विषयाचा उगम, लॅम्पोर्टच्या 1979 च्या वन-टाइम (एकदाच वापरायच्या) सहीची क्वांटम आवृत्ती म्हणा. सुजाता एक मोठी गुप्त स्ट्रिंग घेते, तिच्यापासून थोड्याच क्यूबिट्सची (क्वांटम बिटांची) स्टेट बनवते आणि ती स्टेट हीच पब्लिक की, म्हणजे सही तपासायची किल्ली. होलेवोच्या मर्यादेमुळे एवढ्या थोड्या क्यूबिट्समधून ती मोठी स्ट्रिंग बाहेर काढता येत नाही. पण प्रती फार वाटल्या तर तीही गळते, म्हणून प्रती मोजक्याच माणसांना द्यायच्या. म्हणजे ही पब्लिक की वेबसाइटवर टाकण्यासारखी पब्लिक नाहीच. इथूनच लोकांना वाटायला लागतं की बघा, ठरलेल्या लोकांनाच तपासता येते, झाली की डेझिग्नेटेड. नाही झाली. कोण तपासू शकतो आणि तपासणारा तिसऱ्याला पटवू शकतो का हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गॉट्समन-चुआंगचा सगळा आटापिटा मिलिंदला ती सही दुसऱ्या प्रत-धारकाला पटवता यावी यासाठीच आहे.

हे जवळून बघायचं तर आज प्रयोगशाळांत चालतं ते रूप घ्या. जुन्या रूपाला क्वांटम मेमरी लागायची. 2014 मध्ये डुन्को, वॉल्डन आणि अँडरसन यांनी ती काढून टाकली, पुढे क्यूकेडीच्याच (फोटॉन पाठवून दोघांत गुप्त की बनवायच्या) यंत्रांवर हे बसवलं गेलं, आणि 2017 पर्यंत प्रयोग 100 किलोमीटर फायबरच्या पुढे गेले. त्यात होतं असं. सुजाता, मिलिंद आणि तिसऱ्या कदम मॅडम. सुजाता आणि मिलिंद यांच्यात, तसंच सुजाता आणि कदम मॅडम यांच्यात क्यूकेडीसारखंच काम होऊन लांब बिट-स्ट्रिंगा तयार होतात, एक जोडी उद्या 0 हा संदेश पाठवायचा झाला तर त्यासाठी, एक 1 साठी. मग मिलिंद आणि कदम मॅडम आपापल्या स्ट्रिंगेतले निम्मे बिट, यादृच्छिक जागांवरचे, एकमेकांना गुपचूप देतात. हे सुजाताला कळू द्यायचं नाही. उद्या सुजाता 1 वर सही करते म्हणजे 1 च्या दोन्ही स्ट्रिंगा उघड करते. मिलिंद आपल्याकडच्या बिटांशी जुळवतो, चुका ठरलेल्या मर्यादेच्या आत असतील तर घेतो. पुढे कदम मॅडमना दाखवतो, त्या त्यांच्या बिटांशी जुळवतात.

मेख मर्यादांमध्ये आहे, त्या दोन वेगळ्या असतात. समजण्यापुरते आकडे घ्या: मिलिंद 2% चुकांपर्यंत घेतो, कदम मॅडम 5% पर्यंत. दोन्ही 3% ठेवल्या तर काय होईल? सुजाता मुद्दाम बरोबर 3% च्या आसपास चुका घालेल. कोणते बिट कोणाकडे गेलेत हे तिला माहीत नसतं, त्यामुळे दोघांकडे चुका साधारण सारख्याच पडतील पण किंचित इकडेतिकडे, मिलिंदकडे 2.9 आणि मॅडमकडे 3.1 असं सहज होईल, आणि मिलिंदने घेतलेली सही पुढे नाकारली जाईल. एका विद्यार्थ्याच्या सिम्युलेशनमध्ये दर चार-पाच वेळांत एकदा सही अशी उलटत होती, तो चार दिवस रँडम नंबर जनरेटरमध्ये बग शोधत बसला होता. बग नव्हताच, दोन्ही मर्यादा एकच होत्या. मध्ये फट ठेवली की स्ट्रिंग लांबवत जाल तसा हा धोका झपाट्याने शून्याकडे जातो. ती फट म्हणजेच सही पुढे देता येण्याचा गुण, आणि आपल्याला हव्या असलेल्या गुणाच्या नेमका उलटा.

मग आता कदम मॅडमना काढून टाका. उरले सुजाता आणि मिलिंद. निम्मे बिट द्यायला कोणी नाही, म्हणजे मिलिंदकडे सहीत येणारी सगळी माहिती आधीच आहे. तो घरी बसून सुजाताची सही काढू शकतो. नेहमीच्या क्वांटम सहीच्या भाषेत ही आपत्ती. आपल्या भाषेत? हेच तर हवं होतं! एकाच प्राप्तकर्त्याची क्वांटम सही म्हणजे खरं तर दोघांत शेअर केलेल्या कीवरचा मॅक (त्याच कीने बनणारा आणि तपासला जाणारा टॅग), आणि असा मॅक जन्मतःच डेझिग्नेटेड असतो, तोही स्ट्राँग.

हे पटायला 2023 मध्ये नॅशनल सायन्स रिव्ह्यूत आलेलं नानजिंगच्या टीमचं काम वाचा. तिथे एकेका बिटावर सही करत बसत नाहीत, सगळ्या दस्तऐवजाचा एकदाच वापरायच्या युनिव्हर्सल हॅशने गोषवारा काढतात आणि तो कीने झाकतात. सुजाताची की म्हणजे मिलिंदची की आणि कदम मॅडमची की यांची एक्सऑर (बिटाला बिट, हातचा न घेता) बेरीज, त्यामुळे एकट्या मिलिंदला काहीच करता येत नाही. दस्तऐवज आणि सही मिलिंदकडे येते, तो ते दोन्ही आणि आपली की मॅडमना पाठवतो, मग मॅडम आपली की मिलिंदला देतात, आणि दोघं तपासतात. क्रम बघा. मॅडमची की हातात पडायच्या आधीच मिलिंदने दस्तऐवज पुढे पाठवून स्वतःला बांधून घेतलेलं असतं, म्हणून मॅडमना पटतं. पण हे झाल्यावर मिलिंदकडे पूर्ण की असते आणि तो कुठल्याही कागदावर तशी सही काढू शकतो, म्हणजे चौथा माणूस आला तर त्याच्यासाठी या सहीला शून्य किंमत, त्याला मॅडमच्या शब्दावरच विसंबावं लागेल. आणि मॅडमची की मिलिंदला सुरुवातीलाच दिली तर मॅडमनाही काही पटणार नाही, फक्त मिलिंदला पटेल. यंत्रं तीच, फोटॉन तेच, गणित तेच. की कोणाला कधी मिळते एवढं बदललं की सगळ्या गटाला पटणारी सही एकट्याची होते. तुमच्या प्रोजेक्टचा गाभा मी तुमच्या जागी असतो तर हाच ठेवला असता.

आता नो-क्लोनिंग. युक्तिवाद असा असतो की सही हीच क्वांटम स्टेट ठेवू, मिलिंद तपासायला मोजेल, मोजली की ती मोडेल, मग दाखवणार काय? ऐकायला छान आहे, पण इथेच घोडं पेंड खातं. मोजमापाचं उत्तर जवळजवळ नक्की असेल तर स्टेट जवळजवळ बिघडतच नाही, याला जेंटल मेजरमेंट म्हणतात आणि हा सिद्ध झालेला निकाल आहे. चांगल्या सहीत खरी सही तपासली की पास होण्याची शक्यता 1 च्या अगदी जवळ असायलाच हवी, म्हणजे सही जितकी चांगली तितकी ती तपासून झाल्यावरही शाबूत राहते! आज डिटेक्टर फोटॉन गिळून टाकतो म्हणून ती राहत नाही, पण ती आजच्या डिटेक्टरची मर्यादा झाली, त्यावर सिक्युरिटी प्रूफ उभं करता येत नाही. आणि कॉपी होत नाही म्हणून काय झालं, मूळ स्टेट तिसऱ्याच्या हातात देता येतेच की. कोटेशनच्या प्रकरणात त्या खरेदीदाराला कॉपीची गरजच नव्हती, मूळ कागद घेऊन चार दुकानं फिरला असता तरी भाव पडलेच असते.

क्वांटम डेझिग्नेटेड व्हेरिफायर नावाच्या बऱ्याच स्कीम छापून आल्यात, बेल पेअर (एकमेकांत गुंतलेल्या कणांची जोडी) वापरणाऱ्या, बिनगुंतलेल्या सिंगल फोटॉनवाल्या, मध्ये कुणीतरी विश्वासू की-वाटप केंद्र असलेल्या. वाचा जरूर, पण आंधळेपणाने घेऊ नका. यांचं घराणं आर्बिट्रेटेड क्वांटम सिग्नेचरशी जुळतं, म्हणजे झेंग आणि काइटेल यांची 2002 ची पंच मध्ये असलेली सही, आणि त्या घराण्याला एक जुनं दुखणं आहे जे 2011 मध्ये गाओ, चिन, गुओ, वेन यांनी दाखवलं. क्वांटम वन-टाइम पॅडमध्ये प्रत्येक क्यूबिट दोन गुप्त बिटांनी झाकतात: एका बिटाने एक्स (0 चा 1 आणि 1 चा 0 करणारी क्रिया) लावायचा की नाही ते ठरतं, दुसऱ्याने झेड (1 चं चिन्ह उलटवणारी). समजा संदेशाचा क्यूबिट 0 आहे आणि की म्हणते एक्स लाव, तर सही झाली 1. आता की माहीत नसलेला कोणीही दोन्हीवर एक्स मारतो, संदेश होतो 1, सही होते 0. तपासा: 1 वर की-प्रमाणे एक्स लावला तर 0, जुळलं! की कुठलीही असू दे, हे जुळतंच, कारण एक्स, झेड हे पाउली ऑपरेटर एकमेकांना ओलांडताना फार तर उणे चिन्ह टाकतात आणि त्या चिन्हाचा मोजमापावर परिणाम होत नाही. लेखक कधीकधी म्हणतात की आमच्या स्कीममध्ये मिलिंदला खोटी सही करता येते, तेच तर हवंय. बरोबर, पण मिलिंदला ती की वापरून करता यायला हवी. इथे की लागतच नाही, लाइनवर बसलेला कोणीही करू शकतो, मग सहीला अर्थ काय राहिला. म्हणून आधी दस्तऐवजाचा कीवर चालणारा युनिव्हर्सल हॅश काढा, एक बिट बदलला की टॅग कसा बदलेल हे की नसलेल्याला सांगता येणार नाही असा. वेगमन आणि कार्टर यांचं 1981 चं काम अजून पुरतं. क्लासिकल दस्तऐवज क्वांटम स्टेटमध्ये भरून त्यावर सही करायच्या फंदात पडूच नका, अनोळखी क्वांटम संदेशावर खरी सही शक्यच नाही हे 2002 मध्येच बार्नम, क्रेपो, गॉट्समन, स्मिथ आणि टॅप यांनी दाखवलंय.

मग बांधायचं काय? सुजाता आणि मिलिंद यांच्यात क्यूकेडी लिंक असेल तर बहुतेक काम झालेलंच आहे. क्यूकेडी सुरू करायलाच थोडी आधीची शेअर्ड की आणि मॅक लागतो, त्याच्याशिवाय मध्ये बसलेला कोणीही दोघांना फसवेल. प्रत्येक कोटेशनला ताजी की, युनिव्हर्सल हॅश, टॅग, वापरलेली की पुन्हा वापरायची नाही. 128 बिटांचा टॅग घेतलात तर की नसलेल्याला तो जुळवण्याची शक्यता नगण्य राहते, आणि हे कुठल्याही गणिती कोड्याच्या अवघडपणावर अवलंबून नाही, त्यामुळे उद्या मोठा क्वांटम कॉम्प्युटर आला तरी फरक पडत नाही. लिंक नसेल तर, आणि आज बहुतेकांकडे ती नसणारच, प्रयागराज-विंध्याचल मार्गावर डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने 2022 मध्ये 100 किलोमीटरच्या पुढे प्रयोग केला तरी तो प्रयोगच होता, तर लॅटिसवर (क्वांटम कॉम्प्युटरलाही अवघड मानल्या जाणाऱ्या गणितावर) आधारलेली दोघांची रिंग सिग्नेचर घ्या आणि वरून मिलिंदच्या कीने एन्क्रिप्ट करा. 2024 च्या ऑगस्टमध्ये निस्टने (अमेरिकेची मानक ठरवणारी संस्था) दिलेली एमएल-डीएसए ही सहीची पद्धत नुसती वापरू नका, ती उत्तम आहे पण ती सगळ्या जगाला पटते, म्हणजे पुन्हा हळदीचंच प्रकरण.

दोन गोष्टी स्पेकमध्ये लिहून ठेवाच. एक, मिलिंदची की खरोखर मिलिंदकडेच आहे याची नोंदणीच्या वेळी परीक्षा घ्या. समजा मिलिंदने की स्वतः बनवलीच नाही, प्रतिस्पर्ध्याने बनवली, सीक्रेट भाग स्वतःकडे ठेवला आणि मिलिंदच्या नावाने पब्लिक भाग नोंदवला. मग आलेली सही मिलिंदने बनवली असण्याची शक्यताच संपते आणि प्रतिस्पर्ध्याला ती सुजाताची म्हणून पक्की पटते. क्यूकेडीत हाच डाव म्हणजे मिलिंदच्या पेटीत दुसऱ्याचा माणूस बसलेला असणं. दुसरं, भांडण कोर्टात जाण्याची शक्यता असेल तर हा प्रकार वापरू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 3अ मध्ये सही करायचा डेटा सही करणाऱ्याशीच जोडलेला हवा, दुसऱ्या कोणाशी नाही अशी अट आहे, आणि आपण तर ती मुद्दाम दोघांशी जोडतोय. निविदेत बोली उघडेपर्यंत ठरलेल्या माणसालाच पटणारी सही आणि काम मिळाल्यावर करारावर नेहमीची डीएससी, असे दोन टप्पे ठेवले तर दोन्ही साधतं.

प्रोजेक्टमध्ये सिद्ध कसं करायचं हेही विचारलंय. एक प्रोग्रॅम लिहा ज्याला फक्त मिलिंदची माहिती दिलेली आहे, सुजाताची काहीही नाही, आणि त्याच्याकडून सह्या काढून घ्या. दुसरीकडे खऱ्या सुजाताच्या सह्या. दोन्ही मिसळून तिसऱ्या प्रोग्रॅमला द्या, त्याला ओळखता आलं नाही पाहिजे. क्वांटम भाग असेल तर इथेच जपा: फायबरमधून आलेल्या खऱ्या सहीत 2-3% चुका असतात आणि मिलिंदने घरी बनवलेली अगदी स्वच्छ निघते, तेवढ्यावरून तिसरा डोळे मिटून खरी वेगळी काढतो. मिलिंदच्या प्रोग्रॅमला चॅनेलसारख्याच चुका घालायला शिकवा, त्याच दराने आणि तशाच गटागटाने, कारण डिटेक्टरच्या चुका सारख्या पसरत नाहीत, झुबक्याने येतात.